एकतिसावी तुडतुडी

"तिसानंतर एकदम बत्तीस?"

मुकादम सरांचं बोट कागदावर थांबलं. ऋजुताच्या हातातला कप बशीवर खणकन वाजला.

एवढंच झालं होतं. मधला एक आकडा नव्हता. पुण्याच्या प्रयोगशाळेत हा कागद चार जणांच्या हातांतून फिरला होता, परिषदेत भरल्या सभागृहाने तो पडद्यावर पाहिला होता. कुणाला काही खटकलं नव्हतं. आणि इथे, कोकणातल्या कातळसड्याच्या कडेला, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेल्या सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला पडवीत बसल्या बसल्या, चहा निवायच्या आत ते दिसलं.

"नळी खराब निघाली, सर," ती म्हणाली.

सरांनी बोट उचललं नाही.

कागदावर एक वंशवृक्ष होता. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक तुडतुडा, म्हणजे त्याचा क्रमांक. खालची अर्धी टोकं सड्यावरच्या करवंदीच्या जाळ्यांत पकडलेल्यांची. वरची अर्धी अंजनीच्या झुडपांवरून आणलेल्यांची. दोघांच्या मध्ये लांबलचक मोकळी जागा.

ती मोकळी जागा म्हणजे ऋजुताचं तीन वर्षांचं काम होतं.

दोन्ही झुडपांवरचा तुडतुडा दिसायला अगदी एक. जिऱ्याएवढा, हिरवट, पाठीवर तपकिरी ठिपका. शंभर वर्षं सगळ्यांनी त्याला एकच समजलं. ऋजुताने त्यांचा जीनोम वाचला, डीएनएचं अक्षर न् अक्षर, आणि ते एक नव्हेत, दोन आहेत असं निघालं. एक जात जुनी, नाव असलेली. दुसरी नवी, बिननावाची.

त्या नावासाठीच ती आली होती.

मुकादम सरांनी एका संग्रहालयाचा कीटकविभाग छत्तीस वर्षं सांभाळला होता. ढेकूण, मावा, तुडतुडे, पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या, अशी सोंड खुपसून रस ओढणारी सगळी जमात त्यांनी टाचणीला लावून पेट्यांत रचली होती. देशभरातून लोक त्यांना डब्यांतून किडे धाडायचे आणि आत चिठ्ठी असायची, हा कोण ते सांगा. ते सांगायचे. भिंग एवढंच त्यांचं यंत्र.

नव्या जातीला तुमचं नाव द्यायचंय, असं ऋजुताने आल्या आल्या सांगितलं होतं. त्या भरात, डोळ्यांवर विसंबायचे दिवस आता गेले, असंही बोलून गेली होती आणि मग तिने जीभ चावली होती.

सर हसले होते. माझे तर गेलेच, म्हणाले होते. नावाचं मात्र ना हो म्हणाले, ना नाही.

आता ते बोट.

"नळी खराब निघाली," सर तिचंच वाक्य हळू परत म्हणाले, "म्हणजे काय झालं?"

...

आत सरांच्या पत्नी, चाची, भाकरी थापत होत्या. ऋजुताने कप खाली ठेवला.

"एकतिसावी अर्धी निघाली, सर. अर्धी करवंदीवरच्यांची, अर्धी अंजनीवरच्यांची."

मग तिने सगळं सांगितलं. हे तिने पुण्याच्या मार्गदर्शक बाईंनाही सांगितलं नव्हतं. अर्धी-अर्धी निघण्याची दोनच कारणं असू शकतात. एक म्हणजे तिचे आईबाप दोन झुडपांवरचे, दोन्ही गटांचं लग्न लागतंय. तसं असलं तर दोन जाती म्हणणं अवघड, मधली मोकळी जागा पुसली जाते. दुसरं कारण साधं. डीएनए काढायला किडे वाटताना एका नळीत चुकून दोन पडले.

"पडले का?"

"माहीत नाही. त्या दिवशी मागे दार आपटलं होतं. मी दचकते, सर. लहानपणापासून. कुकरची शिट्टी झाली तरी. तेव्हा हातात तीस होती की एकतीस, किती टाकल्या... आठवत नाही."

"मग आठवत नाही म्हणून काढलीस."

"हो."

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"एक तर ती खरी, नाही तर तू चुकलीस. तुला यातलं काय हवंय?"

ऋजुता हुशार मुलगी होती. शाळेपासून पहिली. चूक तिला कधीच सहन व्हायची नाही.

"चूक," ती म्हणाली.

बोलल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"काढलीच असती," सर म्हणाले. "कुठे आहे ती?"

एकतिसाव्या नळीत जे उरलं होतं ते तिच्या पिशवीतच होतं. ती का घेऊन हिंडत होती कुणास ठाऊक. करंगळीच्या पेराएवढी नळी, तळाशी चार थेंब स्वच्छ पाणी. किडा इतका लहान की तिने तो अख्खा वाटला होता, पाय-पंख काही मागे ठेवलं नव्हतं.

सरांनी नळी घेतली. उजेडाकडे धरून पाहतील असं तिला वाटलं. त्यांनी ती कानामागच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले.

...

चाचींनी आतून डोकावून पाहिलं आणि त्या परत गेल्या. त्यांना याची सवय असावी.

"काही बोलत नाही," सर म्हणाले.

"मेली आहे ती, सर."

"मेलेल्या माझ्या पेट्यांत आहेत. त्यांना दोनदा विचारता येतं. ही तू वाटलीस."

त्यांनी नळी तिच्या तळहातावर ठेवली आणि ते परसदारी निघाले. ऋजुता मागोमाग गेली.

परसात करवंदीच्या एका जाळीवर जुनी मच्छरदाणी अंथरून कडांना दगड ठेवले होते. शेजारी कुंडीत अंजनीचं झुडूप, त्याच्यावरही तसाच एक तुकडा. आत सरांनी पिल्लांपासून वाढवलेल्या तुडतुड्या होत्या. ज्या त्या झुडपावर जन्मलेल्या, एकाही नराला न भेटलेल्या.

तुडतुडे हवेतून बोलत नाहीत, सर सांगत होते. नर पोट थरथरवतो, ती थरथर त्याच्या पायांतून फांदीत उतरते, आणि त्याच फांदीवर बसलेल्या मादीला पायांतूनच पोचते. आपण शेजारी उभे राहून जन्म घालवला तरी काही कळायचं नाही. पटलं तर मादी उत्तर देते. एकदा जोडा जमला की गप्प होते.

"नशीब एकेकाचं," चाची विहिरीवरून म्हणाल्या.

सरांनी कुंडीतल्या अंजनीची एक डहाळी छाटली, त्यावरची मादी न उडवता ती काचेच्या रुंद नळीत सरकवली, तोंडाला कापूस लावला. डहाळीचं टोक कापसाबाहेर राहू दिलं. मग खिशातून शिंगाच्या फणीचा चार दातांचा तुकडा काढला. ती फणी चाचींच्या माहेरची होती आणि मोडली नव्हती, मोडण्यात आली होती, हे चाचींनी लगेच सांगून टाकलं.

"कान लाव," सर म्हणाले.

ऋजुताने नळी कानाला लावली. सरांनी फणीचे दात डहाळीच्या टोकावरून ओढले. तीन लांब. थोडं थांबून एक आखूड.

पुन्हा तसंच.

आणि मग नळीच्या आतून, जणू कुणी नखाने शाईच्या पेनाचं टोपण वाजवावं तशा, दोन बारीक टिचक्या आल्या.

ऋजुताने नळी जवळजवळ टाकलीच. तीन वर्षांत तिने शेकड्यांनी तुडतुडे पकडले होते. एकीनेही तिच्याशी शब्द काढला नव्हता.

"ही अंजनीवरच्या नराची हाक," सर म्हणाले. "आता करवंदीवरच्या माद्यांना घाल. नऊ आहेत. एकेकीला. एकीने जरी ओळख दिली तर तुझी एकतिसावी जन्मू शकते. नाही दिली तर..."

तर ते दार, तो दचका, ती चूक. तिला समजलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन जातींवरचा लेख छापायला धाडायचा होता. आज बुधवार.

"किती वेळा हाक घालायची, सर?"

सर मच्छरदाणीचा दगड नीट करत होते. 

...

ऋजुता बसली.

बुधवारी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ती परसातल्या पाथरीवर, सपाट दगडावर, बसली. तीन लांब, एक आखूड. डाव्या हातात नळी कानाशी, उजव्या हातात फणी. पाऊस सरून सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वारा सारखा वाहत होता. वाऱ्याने काही हललं की ती दचके, ती दचकली की नळी हले आणि आतली मादी डहाळीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसे. मग पाव तास वाट पाहायची. झावळ पडली, दचकली. चाचींनी तवा खाली ठेवला, दचकली. शेजारच्या कोंबड्याने तर मुद्दाम तिच्यावर डाव धरला होता.

चाची म्हणाल्या, पोरी, आधी दोन घास खा, ते काही पळून जात नाहीत. तिला भूक नव्हती. तरी तिने सांदण खाल्लं, कारण चाची उभ्याच राहिल्या.

गुरुवारी तिने युक्ती काढली. पाठ भिंतीला टेकवली, कोपर गुडघ्यावर बांधलं, ओढणीने, खरोखर गाठ मारून. आता दचकली तरी हात हलत नव्हता. चाची पाहून हसल्या, मग जवळ येऊन त्यांनी गाठ आवळून दिली.

पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरी, चौथी, पाचवी.

प्रत्येक वेळी ती वहीत लिहायची, "उत्तर नाही." आणि प्रत्येक वेळी छातीतलं काहीतरी इवलंसं सैल व्हायचं.

सहावी गप्प.

गुरुवारी दिवेलागणीला ती सरांकडे वही घेऊन गेली. सहा जणी, प्रत्येकीला साठ हाका, एकही उत्तर नाही. एवढं पुरावं, असं तिने सुचवून पाहिलं. एकतिसावीबद्दल खाली एक ओळ टाकते, नळीत मिसळ झाली असावी म्हणून. लपवणार नाही.

"हो, पुरेल," सर म्हणाले.

तिला वाटलं होतं ते अडवतील.

...

ती जागीच उभी राहिली. सर रेडिओची पिन हलवत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, जरा दाखव तरी कशी हाक घालतेस.

तिने नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कानामागे टेकवली. तिने फणी ओढली. तीन लांब, एक आखूड. साठ वेळा सहा करून हात बसला होता आता.

सर ऐकत राहिले.

"घाल की," ते म्हणाले.

"घातली, सर."

"घातलीस?"

तिने पुन्हा ओढली. सरांनी नळी या कानावरून त्या कानावर घेतली.

"पोरी, तू फणी ओढतेस की डहाळी पुसतेस?"

ऋजुता स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. फणी बोटांत होती, पण बोटं सैल होती. दात डहाळीला लागत होते, आणि लागत नव्हते. तिला आठवलं. पहिल्या मादीला तिने जोरात ओढली होती. दुसरीला जरा कमी. तिसरीपासून... कुणी ऐकू नये अशी कुजबुज असते, तशी.

तिने ठरवून केलं नव्हतं. हाताने केलं होतं.

"मला ऐकू आली नाही," सर म्हणाले. "माझे डोळे गेलेत. कान आहेत."

त्यांनी नळी परत दिली आणि बातम्या लावल्या.

ऋजुताने वही उघडली. दुसरीपासून सहावीपर्यंत पाच पानं होती. तिने ती फाडली नाहीत. प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "हाक घातली नाही." तारीख घातली. सही केली. 

...

शुक्रवारी ती सूर्याआधी परसात होती.

तिने आधी कुंडीतल्या अंजनीवालीला हाक घातली, स्वतःच्या हाताचा जोर तपासायला. ती गप्प राहिली. जोर वाढवला. गप्प. अजून वाढवला तेव्हा डहाळी थरथरलेली बोटाला कळली, आणि आतून टिचक्या आल्या. एवढा जोर. तिने फणीवर अंगठा जिथे होता तिथे दोरा बांधला, म्हणजे हाताला लबाडी करायला जागा राहू नये.

मग करवंदीवाल्या. पहिलीपासून. नव्याने. ओढणीने कोपर बांधून.

प्रत्येक हाकेला तिला मनात म्हणावं लागत होतं, उत्तर दे. खोटं नाही, खरंच दे. हे जमायला तिला सकाळचे दोन तास लागले. जे आलं की आपलं तीन वर्षांचं काम जाणार, ते यावं म्हणून हात जोडण्यासारखं होतं ते. पुण्याच्या बाईंचे दोन निरोप आले, लेख कुठे आहे. ती वाचून फोन उलटा ठेवत होती.

पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरीने फांदीवर एक फेरी मारली आणि गप्प.

बाराच्या सुमारास सर धुतलेला सदरा घालून जुम्म्याच्या नमाजाला गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. चाची येऊन तिच्या डोक्यावर छत्री धरून बसल्या. श्वासही जपून घेत होत्या. एकदाच हळू म्हणाल्या, मी पण तुझ्यासारखीच होते, हे घरात आले की मी दचकायची, लग्नाच्या वर्षी.

चौथी. पाचवी. सहावी.

सहावी गप्प राहिली तेव्हा ऋजुताने वहीत लिहिलं, "उत्तर नाही." आणि तिला जाणवलं की या खेपेला काही सैल झालं नाही. उलट राग आला. बोल ना बाई, असं ती चक्क तोंडाने म्हणाली.

सर परत आले. टोपी खुंटीला लावून ते पाथरीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले आणि डोळे मिटून राहिले.

सातवी गप्प.

आठवी डहाळीच्या मधोमध बसली होती. पाठीवरचा ठिपका इतरांपेक्षा जरा मोठा. ऋजुताने नळी कानाला लावली. हात आता भरून आला होता, मान आखडली होती. तिने दोऱ्यावर अंगठा ठेवला.

तीन लांब. एक आखूड.

वारा पडला होता.

तीन लांब. एक आखूड.

कुठेतरी गाडी गेली. ती हलली नाही.

किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नसतं. चाची उठून गेल्या, छत्री भिंतीला टेकवून ठेवली. उन्हाची कड पायावर आली. ती हाक घालत राहिली, थांबत राहिली, ऐकत राहिली. आता ती मोजत नव्हती. एकतिसावी, वंशवृक्ष, मोकळी जागा, नाव, सगळं लांब कुठेतरी होतं. फक्त काचेपलीकडे एक जिऱ्याएवढी मादी होती, आणि ती ऐकत आहे की नाही एवढाच प्रश्न होता.

तीन लांब.

थांबून, एक आखूड.

...

टिक्.

ऋजुताची फणी थांबली.

टिक्. टिक्.

बारीक, कोरड्या, जरा उशिरा आलेल्या. पण हाकेच्या शेवटाला धरून. चुकून नव्हेत. करवंदीच्या जाळीत जन्मलेल्या, मच्छरदाणीबाहेरचं जग न पाहिलेल्या त्या मादीने अंजनीवरच्या परक्या नराला ओ दिली होती.

ऋजुताचे डोळे भरले. हात मात्र तसाच राहिला, नळी तशीच कानाशी. घडलं ते काय घडलं, हे तिला एकदम आणि पूर्ण कळलं होतं. संध्याकाळी लेख जाणार नव्हता. कदाचित कधीच जाणार नव्हता, तसा तरी नाही.

"सर..."

सरांनी डोळे उघडले.

"सर, ही बोलली."

सर पुढे वाकले. त्यांनी नळी मागितली नाही, मादीकडे पाहिलं नाही. दोऱ्याशी थबकलेल्या तिच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मग थांबलीस का?" ते म्हणाले. "ती वाट बघतेय."